गृहभेटीचा रकाना आणि बाळाचा जीव
गडचिरोलीतील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आरोग्यदूतांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला, २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर अशा गृहभेटी देत आहेत. मात्र मूळ प्रयोगात वारंवार प्रशिक्षण, नियमित देखरेख, जंतुसंसर्गावर गावातच उपचार आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंदही होती. आशांवर कामे लादायची, मोबदला थकवायचा आणि भेटींचे रकाने तेवढे तपासायचे, तर तोच परिणाम कसा मिळेल? शासनाने भेटींबरोबर वाचलेली बाळेही मोजावीत आणि प्रशिक्षण-देखरेखीचा खर्च आधी मंजूर करावा.