रविवार कोणाचा?

बीडच्या माणसाने आरामासाठी बाहेर पडू नये, असा एक अलिखित नियम आहे. बीडचा माणूस ऊस तोडायला जातो, शिकायला पुण्याला जातो, मोठ्या दवाखान्यासाठी संभाजीनगर गाठतो, पंढरीला चालत जातो. 'कशाला चाललास?' याचं ठोस उत्तर त्याच्याकडे पाहिजे. 'काही नाही, नुसतं बसायला' हे उत्तर आमच्याकडे चालत नाही.

आम्ही चौघा मित्रांनी नेमका तसाच प्लॅन केलाय. नाशिक. गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, आजूबाजूला द्राक्षमळे आणि वाइनरी. शुक्रवारी रात्री निघायचं, दोन दिवस पाण्याकडे बघत बसायचं, रविवारी रात्री परत. एकही 'पॉइंट' बघायचा नाही, पहाटे उठायचं नाही. वाइन ज्याला घ्यायची त्याने घ्यावी. आमच्यातला एक माळकरी आहे, तो द्राक्षं खाणार.

ही बातमी फुटल्यापासून दोन प्रकारचे टोमणे ऐकतोय. पहिला : 'दुष्काळी लोकांना वाइन सुचायला लागली!' दुसरा : 'आपलं पाणी अडवून त्यांनी मळे पिकवले, आणि तुम्ही तिथेच पैसे उधळायला निघालात?' मला दोन्ही अमान्य आहेत.

आधी दुसरा घेऊ, कारण त्यात निम्मं सत्य आहे. रीलवर ज्याला 'लेक व्ह्यू' म्हणतात, तो लेक नाही, धरण आहे. गोदावरीवरचं. तीच गोदावरी खाली पैठणला जायकवाडीत येते. तिथून उजव्या कालव्याचं पाणी गेवराईमार्गे माजलगाव धरणाकडे येतं आणि बीड शहर माजलगावचं पाणी पितं. म्हणजे वाइनरीच्या गच्चीवरून जे निळं दिसतं, त्याचा आणि आमच्या नळाचा संबंध आहे. हा संबंध कायद्यानेही मान्य केलाय. खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप व्हावं, हे २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. २०१४ च्या आदेशाने सूत्र ठरलं : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०२३ मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा वर आंदोलनं झाली, खाली आंदोलनं झाली. त्यामुळे पाण्याचं भांडण खरं आहे आणि ते भांडलंच पाहिजे.

पण त्यात द्राक्षाला खलनायक करणं हा आळस आहे. ठिबकवर वाढणारी द्राक्षवेल उसापेक्षा कितीतरी कमी पाणी पिते. आणि ऊस काय फक्त वरच्यांनी लावला? मांजरा धरण आमच्या केज तालुक्यात, धनेगावला आहे. ते आटलं आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच मांजरेच्या खोऱ्यात साखर कारखान्यांची रांग आहे. ते कारखाने नाशिककरांनी येऊन उभे केले नाहीत. आमच्याच पुढाऱ्यांनी केले, आम्हीच त्यांना निवडून दिलं. उसाबद्दल गप्प बसायचं आणि वाइनवर तोंडसुख घ्यायचं, कारण वाइनला शिव्या दिल्या की संस्कारीही दिसता येतं. हे सोयीचं आहे, पण त्याने माजलगावात एक थेंब वाढत नाही.

आता पहिला टोमणा. हा जास्त विषारी आहे. दुष्काळी माणसाने दुःखी दिसलंच पाहिजे, ही त्यामागची अपेक्षा. बीड म्हटलं की भेगाळलेली जमीन, टँकर, कोयता. वर्तमानपत्राला असाच फोटो हवा असतो आणि हळूहळू आपणही त्याच फोटोत उभं राहायला शिकतो. आराम म्हणजे चैन, चैन म्हणजे पाप, पाप म्हणजे पुण्या-मुंबईचं काम. आपल्याला शोभत नाही.

मित्रांनो, वीकेंड ही इंग्रजांनी दिलेली भेट नाही. या राज्यात तो एका मराठी माणसाने भांडून मिळवलाय. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली, मागण्या मांडल्या, सभा भरवल्या, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. ज्यांनी ती मागितली ते श्रीमंत नव्हते. सूत गिरणीत फुप्फुसं झिजवणारे मजूर होते. आराम ही गरिबाची मागणी आहे, शंभरावर वर्षं जुनी.

आणि ती आमच्या जिल्ह्यात अजून पोचलेली नाही. दिवाळीच्या आसपास बीडमधून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत काम. पहाटे फडात, रात्री गाडी आली की मोळ्या भरायला पुन्हा उभं राहायचं. हंगामभर रविवार नाही. एक दिवस पडून राहिलं तर तो 'खाडा', त्याचे पैसे कापले जातात. पाळीतही खाडा चालत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीडच्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचा आकडा आला. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कारणं अनेक असतील. पण जिथे एक दिवस आजारी पडण्याची मुभा नाही, तिथे बाईला स्वतःचा अवयवच अडचण वाटू लागतो, हे कारण सगळ्यांच्या मुळाशी आहे.

म्हणून 'दुष्काळी लोकांना आराम कशाला' हा टोमणा मला नुसता चिडवत नाही, तो मला धोकादायक वाटतो. मी दोन दिवस धरणाकाठी बसण्याला जे वाक्य विरोध करतं, तेच वाक्य फडातल्या बाईला सुट्टी नाकारतं. दोन्हीकडे गृहीत एकच : तुमचं शरीर कामासाठी आहे.

यावर उत्तर येतं की हंगाम थोडा, कारखाना थांबवता येत नाही. कोण थांबवा म्हणतंय? एसटी रोज धावते, तरी ड्रायव्हरला आठवड्याची सुट्टी असते. दवाखाना रात्रंदिवस चालतो, तरी नर्सला असते. टोळ्यांच्या पाळ्या लावता येतात. फक्त ती सुट्टी पगारी हवी. टनावर पैसे मिळणाऱ्याला बिनपगारी सुट्टी म्हणजे उपवास. ऊसतोडीच्या दराचा करार होतो तेव्हा भावाची घासाघीस होते. त्याच कागदावर आठवड्याचा एक पगारी दिवस आणि पाळीच्या दिवसांची रजा लिहून घ्या. संघटनांनी ही मागणी पहिल्या ओळीत ठेवावी. सुट्टीचा हक्क असलेल्या आपण नोकरदार पोरांनी त्यांच्यामागे उभं राहावं.

नाशिकला आम्ही जाणारच. तुम्हीही जा, किंवा इथल्या सौताड्याच्या धबधब्यावर जा, नायगावला मोर बघा, बिंदुसरेच्या भिंतीवर पाय सोडून बसा. फोटो टाकताना 'लेक' लिहू नका, धरण लिहा, कोणत्या नदीवरचं तेही लिहा. आणि कोणी विचारलं, बीडच्या माणसाला हे थेर कशाला, तर सरळ सांगा : रविवार आहे. अजून कितीतरी जणांना तो मिळायचाय.