पोटांत ठेवूं नये अशी गोष्ट

गेल्या अंकीं या सदरांत आम्हीं मुलांच्या पाठांतराविषयीं लिहिलें होतें, आणि या महिन्यांत वाचनाच्या संवयीविषयीं लिहूं असें आश्वासन दिलें होतें. तें आश्वासन आज आम्ही मोडीत आहों, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. मध्यंतरीं आमच्या घरांत असा एक प्रसंग घडला कीं, त्याविषयीं आधीं बोलणें हेंच कर्तव्य वाटूं लागलें. विषय मात्र पंक्तींत बसून कोणी काढावा असा नाहीं. पाहुण्यांदेखत तर त्याचें नांवही कोणी घेत नाहीं. विषय आंतड्यांचा आहे, शौचाचा आहे, आणि शौचावाटे जाणाऱ्या रक्ताचा आहे. ज्यांस हें पान जेवणाच्या वेळीं वाचण्याची संवय असेल, त्यांनीं तें तिसऱ्या प्रहरीं वाचावें. पण वाचावें खरें.

आमच्या धाकट्या बंधूंची मुलगी बावीस वर्षांची आहे. गेल्या कांहीं महिन्यांत ती वाळत चालली होती. तिच्या आईस तें अभ्यासाचें जागरण वाटे, आमच्या मातोश्रींस दृष्ट लागल्यासारखें वाटे, आणि आम्हांस, खरें सांगावयाचें तर, कांहींच वाटत नसे. एके रात्रीं दोनच्या सुमारास पाणी प्यावयास उठलों असतां ती शौचकूपांतून भिंत धरून बाहेर येतांना दिसली. विचारतां प्रथम गप्प राहिली, मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काका, चार महिने झाले, रक्त पडतें आहे. पण तुम्ही आईला सांगूं नका."

आम्ही जागच्या जागीं थिजलों. कारण हीच व्यथा सन २००९ पासून आमच्याही देहांत नांदत आहे. घरांत तिला 'काकांचें पोट' एवढेंच नांव. 'काकांचें पोट बिघडलें आहे' म्हणजे त्या दिवशीं ताटांत मऊ भात. यापलीकडे कोणीं विचारलें नाहीं, आणि आम्हींही सांगितलें नाहीं. ज्या मुलीस आम्हीं रामरक्षा, सुभाषितें व संधींचे नियम शिकविले, तिला आपल्या कुळांतला रोग ओळखण्यापुरते चार शब्द शिकविण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. झालें असतें, तर ती चार महिने थांबली नसती. पहिल्याच आठवड्यांत आमच्यापाशीं आली असती. ही चूक आमची, आणि हा लेख तिचें प्रायश्चित्त आहे.

आतां ते चार शब्द. या रोगास डॉक्टर 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' म्हणतात. मोठ्या आंतड्याच्या आंतल्या अस्तरास सूज येते, त्यावर व्रण पडतात, आणि मग रक्त, आंव, वारंवार शौचाची घाई, पोटांत कळ, अशक्तपणा हीं लक्षणें दिसूं लागतात. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांनीं सन १८५९ मध्यें याचें वर्णन केलें. याचा दुसरा भाऊ 'क्रोन्स'; तो तोंडापासून गुदापर्यंत कोठेंही उद्भवूं शकतो, आणि ज्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांच्या नांवानें तो ओळखला जातो त्यांचा निबंध सन १९३२ चा आहे. दोहोंतही शरीराची जी रोगप्रतिकारक शक्ति, ती आपल्याच आंतड्यावर उलटते. घराच्या राखणदारानेंच घरच्यांवर धांवून जावें तसा प्रकार. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं, उष्ट्यानें लागत नाहीं, आणि तिखट खाल्ल्याच्या पापाचें तें फळही नव्हे. जवळच्या आप्तांत तो होण्याचा संभव इतरांहून कांहींसा अधिक असतो. तरी रोग्यांच्या बहुतेक मुलांस तो होत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आमच्या बाबतींत पहिलीं दोन वर्षें 'मूळव्याध' या एका शब्दांत वाहून गेलीं. ताक झालें, इसबगोल झालें, कुटजारिष्टाच्या बाटल्या झाल्या. शाळेंत आमच्या वर्गापासून शौचकूपापर्यंत चौऱ्याहत्तर पावलें होतीं. तो आंकडा आम्हांस अजून पाठ आहे. रघुवंशाचा श्लोक अर्धा टाकून आम्ही चालूं लागलों कीं मुलें खुदकन हंसत. मुलांचा दोष नाहीं. त्यांस कारण ठाऊक नव्हतें. आपल्या देशांत आणखी एक अडचण आहे. आमांश आणि आंतड्याचा क्षय यांचीं लक्षणेंही पुष्कळशीं अशींच असतात, आणि तिघांचे उपचार मात्र अगदीं भिन्न. म्हणून रक्त दिसलें असतां 'उष्णतेमुळें झालें असेल' अशी स्वतःची समजूत घालूं नये. मलाची तपासणी, आणि जरूर तर आंतड्याची दुर्बीण, यांवांचून निदान होत नाहीं. आमचें निदान सन २०११ मध्यें झालें.

या दुर्बिणीचेंच अनेकांस भय वाटतें. म्हणून तिच्याविषयीं दोन शब्द लिहितों. गुदमार्गाची आंतून पाहणी करण्याची कल्पना परकी नाहीं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत अर्शोयंत्र वर्णिलें आहे. तें गाईच्या सडाच्या आकाराचें व चार अंगुळें लांब असे. परंतु मोठें आंतडें सुमारें दीड मीटर लांब आणि वांकणावांकणाचें. तेथें सरळ नळी काय करणार? केसासारख्या बारीक कांचतंतूंच्या जुडग्यांतून वांकड्या वाटेनेंही चित्र नेतां येतें, हें सन १९५४ मध्यें हॉपकिन्स आणि पंजाबांतील मोग्यास जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं इंग्लंडांत दाखविलें. तीन वर्षांनीं हर्शोविट्झ यांनीं त्याच तत्त्वावर जठर पाहण्याची लवचीक दुर्बीण केली. आणि सन १९६९ मध्यें न्यूयॉर्क येथें वुल्फ व शिन्या यांनीं मोठ्या आंतड्यांतील मांसांकुर अशाच दुर्बिणीवाटे, पोट न चिरतां, काढून दाखविले. आतां तंतूंच्या जागीं टोंकाशीं इवलासा कॅमेरा असतो. कांहीं ठिकाणीं अस्तरावर निळा रंग शिंपडतात, म्हणजे सपाट दिसणारा दोषही उठून दिसतो. आमच्या तपासणींत वापरलेला रंग निळीपासून निघालेल्या द्रव्याचा होता, हें ऐकून आम्हांस मौज वाटली.

ही तपासणी एकदां होऊन संपत नाहीं, हें मुख्य सांगावयाचें. ज्यांचें आंतडें गुदाच्या वरही बरेंच दूरवर सुजलें आहे, त्यांस वर्षें उलटूं लागलीं कीं आंतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढूं लागतो. म्हणून रोग सुरू झाल्यापासून सुमारें आठ वर्षांनीं पुन्हां दुर्बीण करावी, आणि पुढें धोका जसा कमीअधिक असेल तसें एका, तीन किंवा पांच वर्षांनीं ती करीत राहावें, असा प्रघात आहे. ज्यांचा रोग केवळ गुदापुरताच आहे त्यांस बहुधा एवढें करावें लागत नाहीं. आमची पाळी सन २०१७ मध्यें आली होती. आम्ही गेलों नाहीं. प्रकृति उत्तम होती, हें एक निमित्त; खरें कारण लाज. शहर लहान, चाळीस वर्षांच्या मास्तरकीनें निम्मे लोक आमचे विद्यार्थी. त्यांतलाच कोणी तेथें भेटला तर?

सन २०२१ मध्यें पत्नीच्या आग्रहावरून गेलों, आणि नेमका भेटला! सहायक डॉक्टर आमचा जुना विद्यार्थी. आमचा चेहरा पाहून तो हळूच म्हणाला, "सर, माझ्या शब्दरूपांच्या चुका तुम्हीं तीन वर्षें तपासल्यात, आज माझी पाळी आहे." त्या वाक्यानें आमची चार वर्षांची लाज चार क्षणांत गेली. त्या दिवशीं आंतड्याच्या उजव्या अंगास सात मिलीमीटरचा एक उंचवटा सांपडला व तेथल्या तेथें काढला गेला. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां तो कर्करोग नव्हता. पण त्या वाटेवरचें तें पहिलें पाऊल होतें. आणखी कांहीं वर्षें लाजत बसलों असतों, तर हें सदर आज दुसऱ्या कोणीं लिहिलें असतें. तेव्हांपासून दर वर्षीं जातों, आणि प्रत्येक वेळीं निर्मळ उत्तर घेऊन येतों.

तपासणीहून तिची पूर्वतयारीच अधिक कष्टाची. आणि तींत घरच्या मंडळींचा वांटा मोठा आहे. आधींचे दोन-तीन दिवस पालेभाज्या, बियांचीं फळें, भाकरी, शेंगदाणे हें वर्ज्य. मऊ भात व वरण यांवर राहावें. आदल्या दिवशीं केवळ पारदर्शक पातळ पदार्थ: गाळलेलें शहाळ्याचें पाणी, लिंबाचें गाळलेलें सरबत, कोरा चहा. दूध नको, आणि कोकमाचें सरबतही नको, कारण त्याचा लाल रंग आंत रक्ताचा भास उत्पन्न करितो. सन २०११ मध्यें आमच्या घरीं याचा अर्थ 'उपास' असा झाला, आणि प्रेमानें साबुदाण्याची खिचडी पुढें आली. दाण्याच्या कुटानें दुर्बिणीस कांहीं दिसेना व सर्व खटाटोप पुन्हां करावा लागला. तेव्हां हा एकादशीचा उपास नव्हे, हें स्वयंपाकघरांत आधींच सांगून ठेवावें.

आंतडें धुऊन निघण्यासाठीं जी पूड मिळते ती दोन ते चार लिटर पाण्यांत, सांगितलेल्या मापानें, विरघळवून निम्मी सायंकाळीं व निम्मी पहांटे घ्यावयाची असते. गार करून घेतल्यास ती घशाखालीं सुखानें उतरते. त्या रात्रीं एक शौचकूप रोग्यासाठीं मोकळें ठेवावें, आणि मुलांनीं हंसूं नये म्हणून त्यांस कारण सांगावें. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधीं बंद कराव्या लागतात; मधुमेहाचीं अथवा रक्त पातळ करणारीं औषधें चालूं असल्यास डॉक्टरांस अगोदर सांगावें. प्रत्यक्ष तपासणी अर्ध्या तासाच्या आसपास चालते. गुंगीचें औषध देत असल्यामुळें बहुतेकांस तिची नीटशी आठवणही राहत नाहीं. चिमट्यानें अस्तराचे कण काढतात ते कळतही नाहींत. नंतर पोटांत कांहीं काळ वारा धरतो. त्या दिवशीं वाहन चालवूं नये, दस्तऐवजावर सही करूं नये, आणि सोबत कोणी असावें. आंतड्यास छिद्र पडण्यासारखी इजा फार विरळा. पण पोट अतिशय दुखूं लागल्यास किंवा रक्त थांबेनासें झाल्यास विलंब न लावतां परत जावें.

रोज या रोगासह राहणें म्हणजे काय, तेंही सांगतों. बरें वाटतें म्हणून औषध सोडूं नये. आम्हीं एकदां सोडलें आणि दिवाळी अंथरुणावर काढली. अंगदुखीवर परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊं नयेत. त्यांतल्या कित्येकांनीं झोंपलेला रोग जागा होतो. रोग उसळला असतां कोंडा व भाज्यांचे धागे कमी करावे, शांत असतां चौरस आहार घ्यावा. कोणास दूध सोसत नाहीं, कोणास सोसतें. दुसऱ्याच्या पथ्यावर आपलें पथ्य बेतूं नये. प्रवासास निघतांना शौचकूप कोठें आहे हें आधीं विचारून घेण्यांत कमीपणा नाहीं. आणि 'अमक्याचा काढा घेतला म्हणून तमका खडखडीत बरा झाला' असें सांगणाऱ्या स्नेह्यांचा आदर करावा. औषध मात्र आपलेंच चालूं ठेवावें.

आमच्या पुतणीची दुर्बीण आश्विनांत झाली. तिचा रोग मोठ्या आंतड्याच्या डाव्या भागापुरता आहे. गोळ्या व बस्ति यांनीं दीड महिन्यांत रक्त थांबलें, आणि तिच्या तोंडावर पुन्हां तकाकी आली. त्याबरोबर घरांत नवी चिंताही आली. बंधूंचें म्हणणें, मुलीच्या लग्नाचें जमेपर्यंत ही गोष्ट घराबाहेर जाऊं नये. त्यांच्या काळजीचा आम्ही अनादर करीत नाहीं. बापाच्या जागीं उभें राहिल्यावर आम्हांसही कदाचित् तसेंच वाटलें असतें. परंतु आम्हीं त्यांस एवढेंच म्हटलें: रोग शांत असतां या मुली संसार करितात, त्यांस मुलेंबाळें होतात; डॉक्टरांच्या देखरेखीखालीं औषधें बहुधा गरोदरपणींही चालूं ठेवितां येतात. सांगितल्यानें एखादें स्थळ परत जाईल. न सांगितल्यानें मात्र ती सासरीं औषध लपवून घेईल, कधीं चुकवील, आणि आठ वर्षांनीं तपासणीची वेळ येईल तेव्हां कोणत्या सबबीवर घराबाहेर पडेल?

मुलगी तेथेंच बसली होती. ती शांतपणें म्हणाली, "बाबा, रात्रीं शौचास उठायला ज्या घरांत मला भीति वाटेल, त्या घरीं मला देऊं नका."

बंधूंनीं त्यावर होय अथवा नाहीं कांहींच म्हटलें नाहीं. प्रश्न अजून सुटलेला नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं पंक्तींत सर्वांदेखत त्यांनीं तिला विचारलें, "आज पोट कसें आहे?" आमच्या घरांत हा प्रश्न इतक्या मोकळेपणीं पहिल्यानेंच विचारला गेला. वाचकांच्या घरींही कोणी रात्रीं वारंवार उठत असेल, कोणी कारणावांचून वाळत असेल, तर त्यांस हा प्रश्न विचारावा. आणि ज्यांस स्वतःच्या बाबतींत उत्तर ठाऊक असून सांगण्याची लाज वाटत असेल, त्यांनीं सोळा वर्षें लाजलेल्या या वृद्ध शिक्षकाचें एवढें ऐकावें: पुष्कळ गोष्टी पोटांत ठेवाव्या, ही मात्र ठेवूं नये.

मुलांच्या वाचनाविषयीं पुढील अंकीं.