रांगेत उभे राहण्यापूर्वी

घरात कुणाला ताप आला, घसा धरला, की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "तपासणी केली का?" साथ सुरू असेल, तर मग विचारायलाच नको!

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्याने हे अनुभवले. त्या महिन्याच्या ३ तारखेला एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. भारतातला तो पहिला बळी. पाहता पाहता नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. कुणी मास्क लावलेला, तर कुणी तोंडाला हातरुमाल बांधलेला. शाळा आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवावी लागली.

त्या रांगेत साध्या सर्दी-पडशाचेही अनेक जण होते. फ्लूचा विषाणू खोकला आणि शिंकेतून उडणाऱ्या तुषारांतून पसरतो. म्हणजे शंका फेडून घ्यायला आलेला माणूस रांगेतूनच आजार घरी नेण्याची भीती! शिवाय या गर्दीत खरोखर धाप लागलेला रोगी मागे राहतो, ते वेगळेच.

यावर उपाय म्हणून त्या वर्षी केंद्र सरकारने रोग्यांचे तीन गट केले. सौम्य ताप, खोकला, घसादुखी असलेल्यांनी घरीच विश्रांती घ्यावी, तपासणीची गरज नाही. ताप जोराचा असेल, किंवा रोगी गर्भवती स्त्री, पाच वर्षांखालील मूल, वृद्ध, मधुमेही वा दमेकरी असेल, तर डॉक्टरांनी तपासणीसाठी न थांबता औषधाचा विचार करावा. हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर अधिक गुणकारी ठरते. धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त पडणे, नखे निळी पडणे, गुंगी येणे ही लक्षणे दिसली, तर मात्र रोग्याला ताबडतोब दाखल करून तपासणी करावी.

हीच निवड कॅज्युअल्टीच्या दारातच झाली पाहिजे. ताप-खोकल्याच्या रोग्याला आल्याबरोबर मास्क द्यावा, वेगळे बसवावे आणि परिचारिकेने आधी त्याचा श्वास पाहावा. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत अनेक रुग्णालयांनी तापाचे वेगळे विभाग उघडले, ते याचसाठी. मे २०२१ मध्ये घरी करण्याच्या कोरोना चाचणीलाही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मान्यता दिली. तो पहिला संच पुण्यातल्याच एका कंपनीचा होता.

तेव्हा ताप आला, की आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. रोग्याला वेगळ्या खोलीत झोपवा, भरपूर पाणी पाजा, वरचेवर हात धुवा. पण श्वास जड झाला, तर घटकाभरही घरी थांबू नका. अहवालाच्या कागदापेक्षा रोग्याचा श्वास महत्त्वाचा!