फसलात, तर ग्रुपवर सांगा

‘तीन लिटरचा कुकर नेऊ की पाचचा?’ रात्री साडेअकराला ग्रुपवर हा प्रश्न पडतो आणि दहा मिनिटांत त्यावर वीसेक उत्तरं येतात. तीनचा बास. शिट्टी आणि रिंग मात्र दोन-दोन घे, तिकडे शोधत बसशील. कांदा-लसूण मसाला चेक-इन बॅगेत टाक, हँडबॅगेत नको. एक दादा काहीच बोलत नाही, फक्त त्याच्या खोलीतल्या शेगडीवर चढलेल्या कुकरचा फोटो टाकतो. त्याला सगळ्यात जास्त हार्ट मिळतात.

मी स्वतः कुठेही चाललेली नाही. पुण्यात इंटर्नशिप करतेय, पीएमटीने फिरतेय. पण माझी मावसबहीण मास्टर्ससाठी जर्मनीला निघाली, तेव्हा तिच्या तयारीच्या नादात तिकडे जाणाऱ्या मराठी मुलांच्या दोन व्हॉट्सॲप ग्रुप्समध्ये मीही शिरले. ती पोचून बरेच महिने झाले, मी अजून ग्रुपमध्ये आहेच. सवय लागते.

‘डाड’ या जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३-२४च्या हिवाळी सत्रात तिथे सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आपला पहिला नंबर. यातल्या अनेकांच्या घरातून याआधी कुणी परदेशात गेलेलं नसतं. पूर्वी जाणाऱ्याच्या खिशात कुणाच्या तरी ओळखीची चिठ्ठी असायची. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, म्हणजे परक्या गावात आपली माणसं शोधायची खोड काही आपल्या पिढीची नाही. फरक एवढाच, की आता चिठ्ठीच्या जागी इन्व्हाइट लिंक असते. आणि चिठ्ठी देणारा माणूस दोन्ही बाजूंना ओळखत असायचा. लिंक कुणालाच ओळखत नाही.

ग्रुप वाईट असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट काही गोष्टी फक्त तिथेच कळतात. उदाहरणार्थ, नावाची पाटी. जर्मनीत बहुतेक इमारतींमध्ये फ्लॅट नंबर हा प्रकार नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. पेटीवर तुमचं नाव नसेल, तर पत्र आलं तसं परत जातं. आणि तिकडे अजूनही बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं टपालाने येतं! ताईला हे एका मुलीने व्हॉइस नोटमध्ये सांगितलं, ‘अगं, पहिल्या दिवशी कागदावर नाव लिहून सेलोटेपने चिकटव, मग बाकीचं.’ व्हिसाच्या माहितीत हे कुठे सापडणार? रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी उतरणार असाल तर ब्रेड आधीच घ्या. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या फेकू नका, मशीनमध्ये टाकल्या की प्रत्येकीचे २५ सेंट परत मिळतात. हेही तिथलंच ज्ञान. अशा गोष्टींत एखादं उत्तर चुकलं तरी फार तर रविवारी उपाशी राहाल.

गडबड होते ती नियमांच्या बाबतीत. त्यातही सल्ला देणारा खोटं बोलत नसतो, ही खरी पंचाईत. २०२१ला गेलेला दादा सांगतो, ‘एपीएस सर्टिफिकेट वगैरे काही लागत नाही.’ त्याला लागलं नव्हतंच. भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी ते नोव्हेंबर २०२२पासून सक्तीचं झालं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,२०८ युरो ठेवायचे, हे एकेकाळी बरोबर होतं. सप्टेंबर २०२४पासून ते ११,९०४ झाले. वर्षाला १२० पूर्ण दिवस काम करता येतं, असं सांगणारा मेसेज अजून फॉरवर्ड होतो. मार्च २०२४पासून ही मर्यादा १४० दिवसांची आहे. प्रत्येक जण स्वतःच्या वर्षाचं खरं सांगत असतो. त्यामुळे ‘कसं करायचं’च्या आधी ‘तू कोणत्या साली गेलास’ हे विचारा आणि आकडा दूतावासाच्या साइटवर जाऊन पडताळा. पाच मिनिटांचं काम आहे.

विम्याचंही तसंच. ‘प्रायव्हेट घे, स्वस्त पडतो, ही माझी लिंक’ असा मेसेज दर आठवड्याला असतोच. विद्यार्थ्याने सरकारी व्यवस्थेतल्या विम्यातून एकदा सूट घेतली, की ती डिग्री संपेपर्यंत सहसा परत फिरवता येत नाही, हे त्या मेसेजमध्ये नसतं. लिंकवाल्याला काही मिळतं का, हे सरळ विचारायला हरकत नाही. वाईट वाटलं तर वाटू दे.

पण हे सगळं सांगायला मी लिहायला बसले नाही. ताईचं सांगायचं होतं. तिला विचारूनच लिहितेय.

ऑगस्टमध्ये तिने ग्रुपवर टाकलं, ‘ऑक्टोबरपासून स्टुटगार्टमध्ये खोली हवी आहे.’ तिथे खोली मिळणं किती अवघड आहे हे तोवर तिला कळलं होतं. विद्यार्थी वसतिगृहाची वेटिंग लिस्ट लांबलचक होती. तासाभरात एका मुलाचा पर्सनल मेसेज आला. डीपीला गणपती, मराठी एकदम आपल्याकडचं. डिग्री संपली, दुसऱ्या शहरात नोकरी लागली, माझीच खोली रिकामी होतेय, असं म्हणाला. भाडं महिना ३८० युरो, डिपॉझिट दोन महिन्यांचं. तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत डिपॉझिट घेता येतं हे ताईने वाचलेलं होतं, म्हणजे नियमातही बसत होतं. त्याने खोलीचा व्हिडिओ पाठवला, करारपत्र पाठवलं. ‘अजून चार जण विचारतायत, पण तू आपली आहेस’ असंही म्हणाला. ती त्याला दादा म्हणायला लागली होती.

मग तो म्हणाला, युरो पाठवण्यात चार्जेस जातील, त्यापेक्षा माझ्या भारतातल्या खात्यात रुपयेच टाका. हे ऐकून काका उलट खूश झाले. डिपॉझिट ऑगस्टमध्ये गेलं आणि पहिल्या महिन्याचं भाडं ती निघायच्या दोन दिवस आधी. सगळे मिळून एक लाखाच्या थोडं वर.

ताई शनिवारी संध्याकाळी पोचली. इमारत होती. पत्ता खरा होता. दारापाशी बेलच्या नऊ पाट्या होत्या. दोन मोठ्या बॅगा शेजारी ठेवून तिने नऊच्या नऊ नावं तीन वेळा वाचली. करारातलं घरमालकाचं नाव त्यात नव्हतं. फोन बंद.

पुढच्या अकरा रात्री तिने हॉस्टेलच्या आठ जणींच्या खोलीत काढल्या. पैशांपेक्षा मोठं नुकसान त्या अकरा दिवसांत झालं. जर्मनीत नव्या घरात राहायला गेलात, की दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची असते. ‘आनमेल्डुंग’ म्हणतात त्याला. त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं, आणि हॉस्टेलवाले ते देईनात. नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर येईना. ती ज्या बँकेत गेली तिथेही नोंदणीचा कागद मागितला, आणि बँकेत खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले तिचे स्वतःचेच पैसे तिला मिळेनात. घरी सांगितलं, ‘पोचले, खोली छान आहे.’ मावशीला व्हिडिओ कॉलवर खोली बघायची होती, तेव्हा ही हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून नेटवर्क नसल्याचं सांगत होती.

आणि ग्रुपवर? ग्रुपवर तिने लिहिलं, ‘माझी रूम कॅन्सल झाली, कुणाकडे शॉर्ट टर्म आहे का?’

कॅन्सल झाली. फसले असं नाही लिहिलं. मी तिला जानेवारीत विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाली, ‘इंजिनिअर झालेली मुलगी आणि व्हिडिओ बघून लाख रुपये देते, असं म्हटले असते सगळे.’ शिवाय तिला भीती वाटत होती. युरोचा व्यवहार असा परस्पर रुपयांत केला म्हणजे आपणच काही कायदा मोडला की काय. त्या भीतीत तथ्य आहेच. या ग्रुप्सवर ‘तू मला इकडे युरो दे, मी तुझ्या घरी रुपये टाकते’ हे रोज चालतं आणि परकीय चलनाचे आपल्याकडचे फेमाचे नियम त्याला मोकळीक देत नाहीत. फसवणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. ज्याला स्वतःचीच चूक वाटते तो पोलिसांत जात नाही.

खरं तर तिचे पैसे भारतातल्या एका खात्यातून भारतातल्याच दुसऱ्या खात्यात गेले होते. दुसरा हप्ता जाऊन तीन-चारच दिवस झाले होते. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर काकांनी तेव्हा फोन केला असता, तर समोरचं खातं गोठवून निदान तेवढे तरी वाचण्याची शक्यता होती. पण त्यासाठी काकांना सांगावं लागलं असतं.

म्हणून माझं भांडण ग्रुपशी नाही, तिथल्या शांततेशी आहे. व्हिसा मिळाला की पोस्ट पडते, पार्ट टाइम जॉब लागला की पडते, पहिल्या बर्फाचे तर दोनशे फोटो. ज्याला खोली मिळाली नाही, जो पेपरात नापास झाला, ज्याचा पगार मालकाने बुडवला, तो गप्प असतो. अशाने ग्रुप वाचणाऱ्याला वाटतं, सगळ्यांचंच छान चाललंय, गंडलेली मी एकटीच. त्यात काही ॲडमिनचा नियम असतो, ‘निगेटिव्ह पोस्ट नकोत, ग्रुपचं वातावरण बिघडतं.’ वातावरण बिघडलेलं परवडेल हो. सणाच्या शुभेच्छा पिन करून ठेवण्यापेक्षा ज्या नंबरवरून फसवणूक झाली तो नंबर पिन करा. आरोप खोटा निघेल अशी भीती असेल, तर पुराव्याचे स्क्रीनशॉट मागा, पण मेसेज डिलीट करू नका.

आणि मागायचंच असेल, तर ग्रुपकडे सल्ल्यापेक्षा पाय मागा. त्या शहरात आत्ता चालू-फिरू शकणारी माणसं तुमच्या ओळखीची आहेत, ही त्या ग्रुपची खरी किंमत. ‘खोली कशी वाटते?’ यावर वीस जण मत देतील, त्याचा उपयोग शून्य. ‘कुणी या पत्त्यावर जाऊन खोली उघडून बघाल का?’ असं विचारा. एक जण जरी गेला, तरी पुरे. कुणी जायला तयार नसेल, तर पैसे पाठवू नका, पहिले पंधरा दिवस महाग पडले तरी चालतील. समोरचा कितीही गोड मराठी बोलू दे. मराठी येणं हा काही चारित्र्याचा दाखला नाही. हे लिहिताना मलाही कसंसंच होतंय, पण नाही तर नाही.

ताईने शेवटी फेब्रुवारीत ग्रुपवर सगळं लिहिलं. नंबर, खातं, करारपत्र, रक्कम. तिला वाटलं होतं तसं कुणीच हसलं नाही. रात्रीपर्यंत तिला तीन पर्सनल मेसेज आले, तिघांनाही तोच व्हिडिओ आलेला. त्यातल्या एकीने दोन वर्षांपूर्वी पैसे गमावले होते. दोन वर्षं ती त्याच ग्रुपमध्ये होती, गप्प.

मार्चमध्ये सोलापूरकडच्या एका मुलाने विचारलं, स्टुटगार्टमध्ये अमुक पत्त्यावर खोली मिळतेय, एरिया कसा आहे? ताईने लिहिलं, ‘थांब, मी बघून येते.’ रविवार होता. एस-बान पकडून गेली, पाट्या वाचल्या, एका म्हाताऱ्या बाईंना तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये विचारलं आणि तिथूनच त्याला फोन केला, की असं नाव इथे कुणाचंच नाही, पैसे टाकू नकोस.

तो म्हणाला, ‘ताई, अर्धे कालच टाकलेत.’

तिने त्याला आधी १९३०वर फोन करायला सांगितलं आणि मग ग्रुपवर लिहायला. त्याने दोन्ही केलं.