वादळाची वर्दी आणि शेजारधर्म



आपले तुये गाव शापोरा नदीच्या काठचे. प्रत्यक्ष समुद्रकाठचे नव्हे. म्हणून वादळाची वार्ता कानी आली की ‘ती किनाऱ्यावरच्या लोकांची चिंता’ असे आपण सहज म्हणून जातो. दोन वादळांची आठवण या समजुतीचे निरसन करील.

३ डिसेंबर २०१७ हा संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाचा दिवस. त्या दिवशी रविवार होता आणि पौर्णिमाही. ओखी वादळ तेव्हा गोव्यापासून शेकडो किलोमीटर दूर, भर अरबी समुद्रात होते. तरी त्याच्या लाटा पौर्णिमेच्या उधाणास मिळाल्या आणि आपल्या पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावरील शॅकांची नासधूस झाली. दक्षिणेत तर अनर्थच ओढवला. केरळ व कन्याकुमारीकडील मच्छीमार, ज्यांत आपले कॅथलिक बांधव पुष्कळ, आधीच खोल समुद्रात गेले होते. ३० नोव्हेंबरला वादळ थोड्या तासांत उग्र झाले. वर्दी निघाली, पण ती होड्यांपर्यंत पोहोचली नाही. कित्येक घरांतील कर्ते पुरुष परतलेच नाहीत. दक्षिणेकडच्या ६८ होड्या, ९५२ जणांसह, आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग किनाऱ्याला सुखरूप लागल्या, ही देवाची कृपा.

तौक्ते वादळाची वर्दी मात्र पुष्कळ आधी मिळाली होती. आज उपग्रह ढगांवर अहोरात्र नजर ठेवतात. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की हवामान खाते त्यास चक्रीवादळ म्हणते. किनाऱ्याला ४८ तास आधी पिवळा आणि २४ तास आधी नारिंगी इशारा देते. बंदरावर बावटा चढतो. असे असूनही १६ मे २०२१ रोजी गोव्यात दोघांचे प्राण गेले, झाडे उन्मळली, विजेचे खांब कोसळले.

येथे मला माझा एक दोष कबूल केला पाहिजे. ती वर्दी मी फोनवर वाचली आणि फोन बाजूस ठेवला. महामारीच्या निर्बंधांमुळे चर्चमध्ये लोक जमत नव्हते, म्हणून मिस्सेनंतर सांगण्याची सोय नव्हती, हे खरे. पण चालत जाण्यास पाय होते. वादळानंतर कळले की एकटी राहणारी एक वृद्ध विधवा आंब्याच्या झाडाखालच्या घरात, उडालेल्या कौलांखाली, रात्रभर जपमाळ धरून बसली होती. तिला कोणी काहीच सांगितले नव्हते. ती वाचली, परंतु त्याचे श्रेय माझे नव्हे.

उपग्रहाची दृष्टी दूरवर जाते. शेजारच्या उंबरठ्यापर्यंत मात्र माणसालाच जावे लागते. मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे आपल्या समुद्रातील वादळांचे दिवस. तत्पूर्वी प्रत्येक वाड्यावर दोन तरुणांनी एवढे ठरवावे: एकटे कोण राहते, अंथरुणास कोण खिळले आहे, कोणाच्या घरावर जुने झाड झुकले आहे, परप्रांतीय मजुरांच्या झोपड्या कोठे आहेत. वर्दी येताच त्या दारांवर प्रथम थाप पडावी. दार ख्रिस्ती बांधवाचे की हिंदू बांधवाचे, हे वादळ विचारीत नाही. आपणही विचारू नये.

संत मार्क सांगतो की प्रभूच्या होडीबरोबर त्या रात्री दुसऱ्याही होड्या होत्या. वादळ शमले तेव्हा त्यांनाही शांती लाभली. आपली होडी बांधून झाली की त्या दुसऱ्या होड्यांकडे पाहण्याची बुद्धी प्रभू आपणांस देवो.