भांडणारे चाहते हवेत!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय थोडा पोरकट वाटेल, पण वाचाच.

माझा भाचा इंग्लंडात, लीड्सला असतो. ३१ मे २०२५ला बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेच्या हंगामाचा शेवटचा भाग लागला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मला वाटलं काही बरंवाईट झालं. तर हा म्हणतो, "मामा, वाट लावली यांनी!"

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. मरायला टेकला की तो नवं शरीर धारण करतो, म्हणजेच नट बदलतो. या सोयीमुळे १९६३ साली सुरू झालेली मालिका अजून आपलं नाव टिकवून आहे. या भागात शुटी गाट्वाचा डॉक्टर दोनच हंगामांत गेला आणि शेवटच्या क्षणी त्याच्या जागी दिसली बिली पायपर, जी २००५ साली डॉक्टरच्या सोबतीणीचं काम करायची! निम्मे चाहते खूश, निम्मे चिडलेले. भाचा चिडलेल्यांतला. पाऊण तास तो मला कथानकातल्या चुका सांगत होता.

ताई शेजारीच बसली होती. म्हणाली, "नाटकच आहे ना बाप्पा ते! एवढं कायले डोक्याला लावून घेते हा?"

आपल्याकडे बहुतेकांचं मत ताईसारखंच असतं. मी मात्र भाच्याच्या बाजूने आहे.

कारण असं, की या चिडणाऱ्या लोकांनी बरंच काही घडवलंय. 'स्टार ट्रेक' १९६८मध्ये बंद पडायच्या बेतात होती, तेव्हा चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा हंगाम निघाला. पुढे १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइज' हे नाव मिळालं, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच. 'डॉक्टर हू' १९८९मध्ये थांबली. २००५मध्ये ती परत उभी करणारा रसेल टी. डेव्हिस हा लहानपणापासूनचा चाहता. आणि १९७४ साली 'रेडिओ टाइम्स'मध्ये या मालिकेबद्दल पत्र लिहिणारा पंधरा वर्षांचा पीटर कपाल्डी पुढे स्वतःच बारावा डॉक्टर झाला.

योगायोग बघा. त्याच १९७४ साली आपल्याकडे मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळाल्यावर कळलं, हे तर जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून लिहून घेतलेली. का? तर नाव बाजूला ठेवून लोकांना कथा कशी वाटते ते त्यांना हवं होतं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या प्रकारच्या लेखनाची दखल घेतली. म्हणजे सुरुवात झकास झाली होती.

नंतर काय झालं? नारळीकर २० मे २०२५ला गेले. त्या आठवड्यात मी जे जे वाचलं त्यात 'थोर', 'ऋषितुल्य' असंच सगळं. अमक्या कथेचा शेवट मला पटला नाही, तमकीतलं विज्ञान मस्त पण माणसं कोरडी, असं भांडणारा एकही भेटला नाही. आपण हार घालून मोकळे होतो. अहो, ज्या लेखकाने नाव लपवून खरं मत मागितलं, त्याला आपण शेवटी फक्त नमस्कार दिला!

फेब्रुवारी २०२३मध्ये ९६वं साहित्य संमेलन आमच्या वर्ध्यात भरलं होतं. एका स्टॉलवर मी विज्ञानकथा मागितली, तर त्या भल्या माणसाने शालेय प्रयोगांचं पुस्तक काढून दिलं. त्याचा तरी काय दोष? मागणाराच नसेल तर तो ठेवणार कशाला?

एक मान्य करतो. चिडणं आणि घाण करणं यात फरक आहे. जोडी व्हिटेकर ही पहिली स्त्री डॉक्टर म्हणून २०१७मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिचा एकही भाग लागायच्या आधी लोक तुटून पडले होते. ती टीका नव्हे. भाच्यालाही मी हेच म्हटलं, कथेवर हवं तेवढं बोल, पण भाग पाहून बोल आणि नटाच्या अंगावर जाऊ नकोस. त्याला पटलं असावं, कारण तो पुन्हा कथेवरच घसरला :-)

आणि आपल्या लोकांना यात रस नाही असं कुणी म्हणू नये. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवा. विदर्भाच्या आभाळातून पेटते गोळे ओळीने गेले. आमची अख्खी गल्ली गच्चीवर! कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे विमान, कुणी म्हणे क्षेपणास्त्र. मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं आणि कळलं की रॉकेटचे अवशेष. त्यानंतर आठवडाभर पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता. हेच लोक विज्ञानकथेवरही भांडू शकतात. फक्त कथा त्यांच्या गावात घडायला हवी, आणि आवडली नाही तर तसं म्हणायची मुभा हवी.

असो. तुम्हाला शेवटची कुठली मराठी विज्ञानकथा आवडली नव्हती? आणि का? सांगा, मी भांडायला तयार आहे.