अहवालावरची सही

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की आपल्यापैकी अनेकांच्या टेबलासमोर एमएसडब्ल्यूची दोन-तीन मुले येऊन उभी राहतात. हातात महाविद्यालयाचे पत्र आणि तोंडी एकच प्रश्न, ‘सर, आम्ही काय करायचं?’ कामाच्या धबडग्यात आपण त्यांना नोंदवह्या उतरवायला बसवतो, नाहीतर जनजागृतीच्या फेरीत फलक धरायला पाठवतो. वर्ष संपते, तास भरतात, साचलेल्या अहवालांवर आपण एका बैठकीत सह्या करतो. आज या सहीविषयी लिहायचे आहे.

१९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी ही शाळा प्रथम भरवली ती नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये, कष्टकऱ्यांच्या दाट वस्तीत. वर्गाबाहेर पाऊल टाकले की समोर वस्तीच. आपल्या शिक्षणाची सुरुवातच अशी झाली. म्हणून आजही दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला एवढे महत्त्व आहे, आणि ते शिकवायची जबाबदारी प्राध्यापकांइतकीच आपली आहे.

माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने क्षयरोग झालेल्या बाईंविषयी अहवालात एकच ओळ लिहिली होती : ‘नियमित औषधे घेण्याबाबत समुपदेशन केले.’ मी विचारले, ‘त्या काय म्हणाल्या?’ ती गप्प झाली. ‘अगं, मग पुन्हा जा. या वेळी समजावू नकोस, नुसतं ऐक. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून आण.’

दुसरा अहवाल चार पानांचा आला. बाई भल्या सकाळी उपाशीपोटी बांधकामावर जात. गोळ्या घेतल्या की मळमळायचे, पाट्या उचलवायच्या नाहीत आणि खाडा झाला की मजुरी बुडायची. म्हणून कामाच्या दिवशी गोळ्या चुकत. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळायला हवेत. बँक खात्याचा तपशील नोंदलेला नसल्याने त्यांना एक रुपयाही मिळाला नव्हता. पुढच्या आठवड्यात विद्यार्थिनी त्यांना घेऊन बँकेत गेली आणि मळमळीबद्दल डॉक्टरांशी बोलली. व्यक्तिसहाय्य कार्याची तत्त्वे तिला पाठ होतीच. त्यांचा अर्थ तिला त्या चार पानांत सापडला.

डॉक्टरांची नोंदणी होते, वकिलांना सनद लागते. समाजकार्याच्या संपूर्ण व्यवसायासाठी आपल्या देशात अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात २०१७ च्या कायद्याने निकष घातला : समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, त्यावर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. आणि त्यात देखरेखीखालचे चिकित्सालयीन प्रशिक्षण. बालगृहासारख्या ठिकाणी मात्र पदवी हीच बहुधा ओळख. म्हणजे उद्या एखाद्या संकटात सापडलेल्या माणसासमोर कोण बसणार, हे ठरवणाऱ्या शेवटच्या काही हातांपैकी एक हात आपला आहे. म्हणून ही सही हलकी नाही.

आपल्यावरचा कामाचा बोजा मला ठाऊक आहे. विद्यार्थी सांभाळण्याचा वेगळा मोबदला बहुतेकांना मिळत नाही, आणि संस्थांनी हे काम आपल्या कामाच्या तासांत धरावे, ही मागणी आपण सर्वांनी मिळून लावून धरली पाहिजे. पण तोवर थांबता येणार नाही. आठवड्यातला एक तास ठरवून विद्यार्थ्याचा ठेवा. अहवाल त्याच आठवड्यात वाचा. ‘समुपदेशन केले’, ‘मार्गदर्शन केले’ या शब्दांखाली रेघ ओढा आणि नेमके काय बोलणे झाले ते विचारा. अवघड गृहभेटीला त्याला बरोबर न्या. जिथे आपले चुकले, ती प्रकरणेही त्याच्यापुढे उघडी करा. आणि एखादा अजून तयार नसेल, तर तसे महाविद्यालयाला वेळेवर कळवा. त्याला आणखी एक सत्र मिळणे हे त्याच्या आणि त्याच्या सेवार्थींच्या भल्याचे आहे.

या आठवड्यात सहीसाठी वही पुढे आली की पेन उचलण्याआधी विद्यार्थ्याला समोरच्या खुर्चीत बसवा आणि एक अहवाल मोठ्याने वाचायला सांगा. त्यात सेवार्थीचा आवाज ऐकू आला, की मग सही करा.